जेम, विंडोज आणि पाण्याखालचं गाव

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळीच कॉलेजच्या शिंदे मॅडमचा फोन. विज्ञान दिनाला मुलांपुढे तासभर बोलाल का? विषय : पीसीवर माउस आणि खिडक्या पहिल्यांदा आल्या तो काळ. फोटो नकोत, जमलं तर खरं यंत्र चालवून दाखवा म्हणाल्या. हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, यंत्र कुठंय?

यंत्र विलासकडे, माझ्या ऑफिसातल्या जुन्या सोबत्याकडे. आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला एकुलता एक एक्सटी, म्हणजे त्या वेळचा पीसी. भंगारात निघाला तेव्हा त्यांनी उचलून नेला होता. अजून ठेवला असेल तर.

निवृत्त झाल्यापासून मला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. दुपारी दोन पोळ्या करपल्या. हे म्हणाले, काय झालंय तुला?

२ फेब्रुवारी, रविवार

कामशेतला उतरून जीपने पवनानगर. विलासचे तंबू धरणाच्या अगदी कडेला. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येऊन पाण्याकडे बघत बसतात. त्या पाण्याखाली आमचं गाव. विलासचं आणि माझं एकच. ते गावातले, मी वस्तीवरची. धरण भरलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची.

यंत्र आहे! सामानाच्या खोलीत, फाटक्या तंबूच्या कापडात गुंडाळलेलं. हिरव्या पडद्याचा मॉनिटरसुद्धा. माउसच्या शेपटीचे उंदरांनी दोन तुकडे केलेत.

विलासने (दर वेळी पूर्ण नाव लिहायचा कंटाळा, पुढे वि.) चहा टाकायच्या आधी जुनं भांडण काढलं. 'म्हणजे पोरांना तुम्ही आता जेम चांगलं म्हणून सांगणार.' मी म्हटलं, चांगलंच होतं. 'विंडोजपुढं?' झालं सुरू. एकोणनव्वद साली साहेबांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं होतं. एक्सटी एक, त्यावर चढवायला माउस-खिडक्यांचे दोन प्रकार : जेम आणि विंडोज, दोन्ही पहिल्या आवृत्तीचे. सहा महिने रेखाने जेम वापरायचं, विलासने विंडोज, एक दिवसाआड पाळी. मग कुठलं तरी एक ठेवायचं. विंडोज ठेवलं. वर्षभरात तेही कुणी उघडेना, सगळे साध्या काळ्या पडद्याच्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमवर गेले. हरलो दोघंही. पण वि. अजून जिंकल्यासारखे बोलतात.

त्यांच्या हौसाआत्या, वडिलांची बहीण, ओसरीत बसल्या होत्या. शहाऐंशीच्या आहेत. लग्नानंतर वर्षातच परत आल्या आणि भावाकडेच राहिल्या. कुणाची गं तू, म्हणाल्या. वस्तीवरच्या सखारामची थोरली, म्हटल्यावर बराच वेळ बघत राहिल्या.

यंत्र वि.च्या पिकअपने संध्याकाळच्या आत लोणावळ्यात. जेवणाच्या टेबलावर. यांचं ताट आता टीपॉयवर.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं उघडून ब्रशने झाडलं. कोळ्यांची घरं, एक मेलेली पाल. बटण दाबलं, पंखा फिरला, मग फट् आणि करपलेल्या वासाचा पांढरा धूर. हे अंगणात पळाले. मी पळाले नाही, इतकं बरं वाटत होतं! पॉवर सप्लायमधला एक कपॅसिटर गेला, बाकी ठीक असावं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कामशेतच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने कपॅसिटर बदलून दिला, माउसची शेपटीही जोडली. परत येऊन बटण. मेमरी मोजायला लागला... ६४, १२८, १९२... ६४०. हार्ड डिस्क जात्यासारखी घरघरली आणि पडद्यावर हिरवं C:> लुकलुकायला लागलं. डोळ्यांत पाणी आलं. यांना बोलावलं. म्हणाले, एवढंच?

९ फेब्रुवारी, रविवार

जेम उठलं!! हार्ड डिस्कवर जिथं ठेवून गेले होते तिथंच होतं. डेस्कटॉप, दोन फ्लॉपींची चित्रं आणि खाली कोपऱ्यात कचरापेटी.

वि. आले होते. मी माउस वर नेला, नुसता नेला, बटणाला हात नाही लावला, आणि मेनू आपोआप खाली उघडला. बोटांना सगळं आठवत होतं. खिडकीवर खिडकी टाकली, खालची ओढून वर आणली, कोपरा धरून लहान केली. एक्सटीवर एवढं झरझर. वि. बघत होते. मग म्हणाले, 'चित्रकला छान आहे. पण एका वेळी एकच काम. ड्रॉ उघडा आणि तिकडं दुसरा प्रोग्रॅम चालू ठेवून दाखवा.' नाही चालत. ड्रॉ उघडलं की जेममध्ये फक्त ड्रॉ. मान्य.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्यांची पाळी. विंडोज १. पहिल्यांदा दिसते ती नुसत्या फाइलींच्या नावांची यादी. चित्रं नाहीत, कचरापेटी नाही. मेनूवर दाबून धरायचं, धरूनच खाली ओढायचं, बोट सुटलं की मेनू गेला. खिडकी खिडकीवर ठेवताच येत नाही. दुसरी उघडली की पहिली अंग चोरून बाजूला होते, तिसरी उघडली की दोघी चोरतात.

पण वि.नी एका भागात पेंट उघडलं, दुसऱ्यात नोटपॅड, तिसऱ्यात घड्याळ, आणि तिन्ही जिवंत. पेंटमध्ये रेघ मारताना शेजारी सेकंदकाटा फिरतोय. तेव्हा साहेब ह्यावरच भाळले होते. तेव्हा मी रागात बघितलंच नव्हतं नीट. आज बघितलं. एवढ्याशा मेमरीत हे करणाऱ्याचं डोकं भारी.

वहीत लिहून ठेवलं, मुलांना सांगायला : एक दिसायला उद्याचं होतं, दुसरं आतून. वि.ना वाचून दाखवलं. 'आतून' वर खूश.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा फ्लॉप्यांचा डबा माळ्यावरून काढला. बावीस फ्लॉप्या. लोणावळ्याची हवा, दुसरं काय होणार. लोणच्यावर येते तशी बुरशी, पांढरे ठिपके. ड्राइव्हमध्ये घातल्या तर ड्राइव्हही जाईल.

त्यात 'रेखा – सराव' लिहिलेली आहे. तिच्यावर गावाचा नकाशा होता.

जेम शिकताना सरावाला काय काढू, म्हणून गाव काढलं. संध्याकाळी आबा, माझे वडील, सांगायचे, मी कागदावर खुणा करायची, दुसऱ्या दिवशी जेम ड्रॉमध्ये. आधी नदी, मग आमची वस्ती, कारण तिथून सुरुवात करणं सोपं. मग ओढ्यापलीकडचं गाव, घर न् घर. प्रत्येक घराचं दार कुठल्या अंगाला ते आबा न चुकता सांगायचे. म्हणायचे, 'आत कदी गेलो न्हाई, पन दार एकूण एक ठावं हाय.' आम्ही दारापर्यंतच जायचो. म्हणून नकाशात घरांच्या खोल्या नाहीत, फक्त दारं आहेत. सत्तावीस.

एका रविवारी वॉचमनला सांगून आबांना ऑफिसात नेलं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि ओढ्याच्या उतारापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत नेलं.

पुढे पेनाने रेघा ओढणारं यंत्र, प्लॉटर, येणार होतं, तेव्हा कागदावर काढू म्हटलं. प्लॉटर यायच्या आधी एक दिवस फाईल उघडायला गेले तर नाहीच. वि. म्हणाले, हवेने फ्लॉपी खराब झाली असेल. मलाही पटलं. आबा जाईपर्यंत विचारत होते, निघाला का नकाशा?

१५ फेब्रुवारी, शनिवार

फ्लॉप्या धुतल्या! कव्हरची एक कड ब्लेडने कापायची, आतली चकती अलगद बाहेर, डिस्टिल्ड वॉटर, मग स्पिरिट, मऊ फडक्यावर वाळवण. एका कोऱ्या फ्लॉपीचं कव्हर रिकामं करून त्यात आलटून पालटून एकेक घालायची. दोरीवर चकत्या टांगलेल्या बघून शेजारीण विचारून गेली, कसले पापड.

१६ फेब्रुवारी, रविवार

'रेखा – सराव' वाचली गेली. सगळी, अडखळत अडखळत.

नकाशा नाही. पण दुसरंच काहीतरी आहे. DOS मधून यादी मागितली तर माझ्या चार-पाच फाइली आणि त्यांच्यात एक PUMP1.MSP. तारीख नव्वदच्या मार्चमधली.

MSP फाईल एकाच ठिकाणी जन्माला येते. विंडोज १ चं पेंट. जेमला ती काढताही येत नाही, दिसतही नाही. जेम ड्रॉ फाइली दाखवताना फक्त आपल्याच दाखवतं. म्हणून तेव्हा मला ती दिसली नाही. आणि ऑफिसात विंडोज वापरणारा माणूस एकच होता.

उघडून बघितली. पंपाचं चित्र. साहेबांना शेवटच्या दिवशी दाखवलं होतं तेच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस ह्यातच आहे. यांना सांगितलं, ते म्हणाले विचार की सरळ. नाही विचारलं. आधी फाईल.

पुसलेली फाईल खरं तर पुसलेली नसते, नावाचं पहिलं अक्षर जातं आणि जागा मोकळी म्हणून नोंद होते. पुसलेलं परत काढायचा जुना प्रोग्रॅम लावला. आली! ?AON.GEM. पहिलं अक्षर विचारलं, मी G दाबलं.

पण फाईल दोन तुकड्यांत होती. पहिला शाबूत. दुसऱ्याच्या जागेवर पंप बसलाय.

पहिला तुकडा तरी उघडावा म्हटलं तर जेम नाही म्हणे. फाईलच्या शेवटी समाप्तीची खूण लागते, ती दुसऱ्या तुकड्याबरोबर गेली. सकाळी दहापासून आकडे वाचत बसले. दुपारी दोनला शेवटची पूर्ण रेघ कुठं संपते ते सापडलं, तिथं खूण हाताने लिहिली. परत जेम. परत ड्रॉ. उघड...

आधी नदी आली. वळणासकट, एका दमात. मग ओढा. मग वस्ती, एकेक घर, मी ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने. अकराच्या अकरा. आमचं घर. आमची विहीर. मग ओढ्यापलीकडं गावाचं एक घर, दोन, तीन, चार, प्रत्येकाला दार. आणि थांबलं.

मी टेबलाशी उभीच होते. ओरडले असणार, कारण हे दुपारच्या झोपेतून उठून तसेच आले. ह्या वेळी 'एवढंच' म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, ह्यातलं तुझं कुठलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वि. आले, जुना लॅपटॉप आणि सिरीयल केबल घेऊन. त्यांनी जिओवर्क्स मिळवलंय, जेम-विंडोजसारखंच तिसरं. नव्वदचं. आमची स्पर्धा संपल्यावर निघालं, आम्ही दोघांनीही कधी बघितलं नव्हतं. केबलने एक्सटीवर चढवायला अडीच तास.

काय आहे ते! त्याच यंत्रावर, त्याच ६४० मध्ये, खिडकीवर खिडकी आणि सगळ्या एकाच वेळी चालू. बटणं उठावदार, दगडात कोरल्यासारखी. अक्षर कितीही मोठं करा, कडा गुळगुळीत. उघडायला वेळ घेतं, पण माझ्या जेमचं देखणेपण आणि त्यांच्या विंडोजची दोन कामं, दोन्ही एकत्र. वि. म्हणाले, 'आपण सहा महिने कशासाठी भांडलो, रेखाताई?' आणि पोट धरून हसले. मीही हसले. मग खालच्या कप्प्यातली ती फ्लॉपी आठवली आणि हसू थांबलं.

सांगितलं नाही. यांनी चहाचा कप ठेवताना माझ्याकडे बघितलं. तरीही नाही. शुक्रवार होऊ दे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. काय दिवस!

सभागृहात दोनशे मुलं, उरलेली दारात. एक्सटी टेबलावर, त्यावर कॅमेरा लावून मागच्या मोठ्या पडद्यावर दिसायची सोय. वि. शेजारी, विंडोजचा भाग त्यांचा. आधी मी जेम, मग ते विंडोज, मग जिओवर्क्स दोघांनी मिळून. डिस्क घरघरली की मुलं टाळ्या वाजवत होती. जेमचा मेनू हात न लावता उघडला तेव्हा एकच गलका. विंडोजच्या खिडक्या बाजूबाजूला सरकल्या तर मागून एकजण म्हणाला, फोनवर दोन ॲप एकत्र उघडल्यावर होतं तसंच. अगदी बरोबर! मी म्हटलं, मधे ह्या पद्धतीला सगळे हसले, आता सगळे तेच वापरतात.

मग मी कचरापेटीवर आले. सांगितलं, दुसऱ्या एका कंपनीने आमच्यासारखं दिसतं म्हणून तक्रार केली, तेव्हा जेमच्या पुढच्या आवृत्तीतून ही पेटीच काढून टाकली. ही पहिली आवृत्ती, म्हणून तुम्हाला बघायला मिळतेय. एक रिकामी फाईल ओढून पेटीत टाकली.

पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, 'मॅडम, पेटीतून परत कसं काढायचं?'

मी ठरवलं नव्हतं. पण उत्तर द्यायच्या आधी माझी नजर वि.कडे गेली आणि तिथंच राहिली. ते पडद्याकडे बघत होते. मग माईक त्यांनीच ओढला.

'काढता येत न्हाई,' म्हणाले. 'चित्र पेटीचं होतं, पण आत पेटी नव्हतीच. टाकलं की गेलं. मी ह्या मॅडमची एक फाईल टाकली होती. मला फ्लॉपी पाहिजे होती. वाटलं, पेटी आहे म्हणजे मागाहून काढून देऊ. आणि मग सांगायची हिंमत झाली न्हाई.'

मुलांना गंमत वाटली, हसली. मी पुढे बोलले, काय ते आठवत नाही. शिंदे मॅडमनी गुच्छ दिला.

ऑफिसातली भाषा सोडून ते गावचं बोलायला लागले होते. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

१ मार्च, शनिवार

आज वर्तमानपत्र वाचलं नाही, फोन घेतला नाही. बरं वाटतंय आणि राग येतोय. पस्तीस वर्षं 'हवेने' म्हणत होते. आबांना मीच तसं सांगितलं. म्हणजे खोटं मी पण सांगितलं, न कळत.

वि.चे तीन मिस्ड कॉल.

२ मार्च, रविवार

वि. दारात. आत येईनात. मी म्हटलं या, काहीतरी दाखवायचंय.

फाईल उघडली. नदीपासून बघितलं त्यांनी. चौथ्या घरापर्यंत आले आणि थांबलं तेव्हा विचारलं, पुढं? मी सांगितलं, पुढं तुमचा पंप.

'आमचं घर कितवं होतं?'

सातवं, म्हटलं.

त्यांनी चौथ्या घरापुढच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. वस्ती अख्खी आहे. गाव गेलंय, त्यांचंच. मी त्यांना आबांचं सगळं सांगितलं, दारांचं. ते आत का गेले नाहीत हे सांगावं लागलं नाही.

माफ करा वगैरे म्हणाले. जाताना उंबऱ्यावर म्हणाले, आत्याला सगळं आठवतं अजून. घरं आतून ठाऊक आहेत तिला.

आतून!

हे मला आधी सुचलं कसं नाही? ते गेल्यावर अंगणात येरझाऱ्या.

९ मार्च, रविवार

यंत्र परत पवनानगरला, हौसाआत्यांच्या ओसरीत. कशात काढायचं ह्यावर वाटेत चर्चा. मनापासून सांगायचं तर जिओवर्क्स सरस आहे, अक्षरं सुंदर येतील. पण जुना अर्धा जेममध्येच उघडतो, आणि रेघ ओढली की लगेच उमटते ती जेममध्येच. आत्यांना वाट बघायला लावून चालणार नाही. जेम ठरलं. वि. 'बरं' म्हणाले. जन्मभराचे विंडोजवाले!

आत्यांना हिरव्या रेघा आधी कळेनात. मग नदी दाखवली, उतार दाखवला. एकदम पुढे सरकल्या. 'हितं पानी गुडघ्याएवढं असायचं. आन् ह्यो चिचेचा पार. न्हाई काडला?' नव्हता काढला. काढला.

पाचवं घर झालं. आबांच्या पद्धतीने मी चौकोन काढून दार विचारलं. आत्यांनी आतूनच सुरुवात केली : उखळ कुठं, चूल कुठं, भाताच्या कणग्या कुठं, सून बाळंत झाली ती खोली. मी काढत गेले. पहिल्यांदाच कळलं की त्या दारांच्या आत काय होतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. तंबूंना सुट्टी नाही, तरी वि.नी दुपार मोकळी काढली. सहावं आणि सातवं. सातवं त्यांचं, मी माउस त्यांच्या हातात दिला. रेघ वाकडी आली. पुसतो म्हणाले. राहू द्या, म्हटलं, जेममध्ये रेघ उचलून हलवता येते, तुमच्या पेंटमध्ये एकदा पडली की पडली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा भांडल्यासारखं बोललो. बरं वाटलं.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी जयंतीला वस्तीवरची नवी-जुनी सगळी जमलेली, पुनर्वसनाच्या गावात. मिरवणुकीनंतर मोबाईलवर नकाशाचा फोटो दाखवला. हातोहात फिरला. मुंबईला कुर्ल्याहून आलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, आमच्या दोन खोल्या होत्या, एकच दिसतेय. त्याची आई म्हणाली, दुसरी मागनं बांधली, तू झाल्यावर. दहा मिनिटं दोघांचं सुरू. मी वहीत लिहून घेतलं, तीन पानं. ताट तसंच राहिलं.

आता वस्तीतही खोल्या येणार.

२० एप्रिल, रविवार

चौदावं घर. आत्या दमल्या होत्या, म्हणून गाव बाजूला ठेवून त्यांना पूर्ण नकाशा लहान करून दाखवला. त्यांनी वस्तीकडे बोट केलं आणि विचारलं, ह्ये कुणाचं? एकेक सांगत गेले. सगळ्यांची नावं त्यांना माहीत होती, घरं नव्हती. ओढ्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर.

'तुजी आई लय चांगली,' म्हणाल्या. 'लावनीला येकाच बांधावर असायचो आमी. पन मी तुमच्या घरी कदी आले न्हाई गं.'

मग म्हणाल्या, तुमची चूल कुठं होती ते काढ. काढली. बघत बसल्या.



२७ एप्रिल, रविवार

आज ओसरीत जागा नव्हती! बातमी पोचलीय. गावातले दोन भाऊ आले, वाटणीची भिंत कुणाच्या बाजूला होती ह्यावर त्यांचं अजून एकमत नाही. लोहगडवाडीला दिलेली त्यांची बहीण सकाळच्या बसने आली, तिने दोघांनाही खोटं पाडलं. वस्तीवरच्या दोघीजणी, कुर्ल्याचा चुलतभाऊही. वि. माउसवर, मी शेजारी सांगायला, आत्या मधे न्यायाधीश. एकाच ओसरीत दोन्हीकडची माणसं आणि चहा एकाच किटलीतून. फाईल एवढी वाढलीय की सेव्ह करताना फ्लॉपी दीडेक मिनिट किरकिरते आणि तेवढा वेळ सगळे श्वास धरून. तीन प्रती केल्यात, तीन घरांत ठेवायला.

शिंदे मॅडमही आल्या होत्या. हे फोनवरच का नाही करत म्हणून विचारायला आल्या आणि दोन तास बसून राहिल्या.

माणसं गेल्यावर वि. यंत्रावर कापड घालत होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, 'रेखाताई, राग गेला का तुमचा?'

डोळ्यांपुढे आबांचा चेहरा आला, मघाची ओसरी आली. गेला म्हणावं तर गेलेला नाही, आहे म्हणावं तर मी दर रविवारची वाट बघते.

म्हटलं, अजून दहा घरं राहिलीत. ती काढू आधी.

'बरं,' म्हणाले, आणि जीपपर्यंत सोडायला आले.